घातक कचऱ्याच्या गाड्यांचं ऑनलाइन ट्रॅकिंग: ग्रामसभेच्या ठरावात नेमकं काय मागायचं?

खाडीकाठची:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा आणि माहीत असेल ते नक्की सांगा.

आमचं गाव कोकणात, खाडीला लागून. वरच्या अंगाला केमिकल एमआयडीसी. पावसाळा लागला की दर वर्षी तेच, रात्री कधीतरी वहाळात काहीतरी सोडलं जातं आणि सकाळी पाण्यावर तेलकट तवंग, नाक जळेल असा वास, बोयटं नि खेकडे मरून काठाला लागलेले. कळवलं की माणसं येतात, पंचनामा होतो, बाटलीत पाणी भरून नेतात, पण तोवर एक भरती येऊन गेलेली असते मग नमुन्यात काय सापडणार. मागच्या वेळी आमच्या पोरांनी वहाळाच्या मोरीजवळ उभा टँकर बघितला, नंबरप्लेटला चिखल फासलेला. तो कुठल्या कारखान्यातून निघाला, आत काय होतं, जायचं कुठे होतं, याचं उत्तर आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

आता आम्ही ग्रामसभेत ठराव घेणार आहोत आणि तो राज्याच्या प्रदूषण मंडळाला, केंद्रीय मंडळाला आणि पर्यावरण मंत्रालयाला पाठवणार आहोत. मागणी अशी की घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेचं इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंग व्हावं आणि ते लोकांनाही बघता यावं. पण आमच्यातले काही म्हणतात की "सगळ्या टँकरना जीपीएस लावा" एवढं एक वाक्य लिहिलं की पुरे. मला ते पटत नाहीये, असं ढोबळ लिहिलं तर "आपली सूचना नोंद घेण्यात आली आहे" एवढंच उत्तर येईल. जे कारखान्यात, वाहतुकीत किंवा या कायद्यात काम करतात त्यांनी सांगा, नेमकं काय मागितलं तर फरक पडेल?

---

इटीपीवाला:

ताई, मी एका औषधांच्या कारखान्यात ईएचएस, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा विभाग बघतो, कचरा पाठवायची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे आधी आत्ता काय चालतं ते सांगतो म्हणजे मागायचं काय ते आपोआप कळेल.

२०१६ च्या घातक कचरा नियमांत नियम १९ आहे, त्यात मॅनिफेस्ट, म्हणजे खेपेबरोबर जाणारा सह्यांचा कागद. फॉर्म १०. एका खेपेला सात प्रती, सात रंग. पांढरी आम्ही मंडळाला पाठवायची, पिवळी आमच्याकडे राहते ड्रायव्हरची सही घेऊन, बाकी पाच गाडीबरोबर जातात. गाडी पोचली की घेणारा गुलाबी ठेवतो, केशरी ड्रायव्हरला देतो, हिरवी मंडळाला, निळी परत आमच्याकडे आणि कारखाना दुसऱ्या राज्यातला असेल तर राखाडी त्या राज्याच्या मंडळाला. कागदावर साखळी चांगलीच आहे, कुणीतरी विचार करून बांधलेली आहे. कार्बन घालून लिहिलं की खालच्या प्रतीवर आकडा ३ आहे की ८ ते दिव्याखाली धरून बघावं लागतं हा भाग वेगळा.

आता गोम कुठे आहे ते बघा. निळी प्रत परत आली म्हणजे माल पोचला. नाही आली तर? कारखान्यातला माणूस फोन करतो, "पाठवतो साहेब" म्हणतात, आणि अनेक ठिकाणी आर्थिक वर्ष संपल्यावर फॉर्म ४ चा वार्षिक रिटर्न भरायच्या वेळी, म्हणजे ३० जूनच्या आधी, सगळ्या निळ्या प्रती गोळा करायची धावपळ होते. मंडळाकडे आमची पांढरी आणि घेणाऱ्याची हिरवी, दोन्ही येतात, पण हजारो कागदांमधून ही पांढरी त्या हिरवीला जुळते का हे हाताने कोण बघणार? इलेक्ट्रॉनिक करायचं ते यासाठी. गाडी कुठे आहे हा टिंब नकाशावर दिसणं ही दुय्यम गोष्ट आहे, निघालेलं वजन आणि पोचलेलं वजन मशीनने जुळवणं आणि जुळलं नाही तर त्याच दिवशी बोंब होणं ही मुख्य.

म्हणून तुमच्या ठरावात पहिलं हे लिहा: दोन्ही टोकांना वजनकाट्याची पावती थेट सिस्टीममध्ये जावी, हाताने आकडा टाकायची सोय नको. आणि एकक एकच ठेवा. फॉर्म १० मध्ये घनमीटर किंवा मेट्रिक टन, दोन्ही चालतं. आता पातळ माल असेल, स्पेंट सॉल्व्हंट (वापरून झालेलं द्रावक) वगैरे, तर इकडून घनमीटरमध्ये लिहिला आणि तिकडे टनात घेतला की फरक किती पडला ते कुणाला सांगता येत नाही, आणि ज्याला मधे थोडा माल उतरवायचाय त्याला एवढी फट पुरते.

अजून एक विनंती आमच्यासारख्यांसाठी पण लिहा प्लीज. ऑनलाइन भरा आणि शिवाय कागदही छापून गाडीत ठेवा आणि शिवाय पोस्टानेही पाठवा, असं तिहेरी नको. मग लोक ऑनलाइन कसंतरी उरकतात आणि तिथला डेटा कचरा होतो.

---

बारा_टायर:

मी वाहतूकवाला. माझ्या गाड्या इटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) गाळ आणि स्पेंट म्हणजे वापरून झालेलं ॲसिड वाहतात, परवानगी असलेल्या गाड्या, ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) गाडीत, ड्रायव्हरला ट्रेनिंग दिलेलं. वर "टँकरवाले" म्हटलं की सगळे चोर असं जे होतं ते जरा बाजूला ठेवून ऐका, कारण चोरी कुठे होते ते आम्हाला सगळ्यात जास्त माहीत असतं.

जीपीएस म्हणाल तर धोकादायक माल नेणाऱ्या मोठ्या गाड्यांना एआयएस १४० चं, म्हणजे सरकारी मानकाचं ट्रॅकिंग डिव्हाइस मोटार वाहन नियमातच आलेलं आहे. म्हणजे यंत्र नवीन मागायची गरज नाही, त्या यंत्राचा डेटा मॅनिफेस्टला जोडलेला नाही ती मागणी करा. फास्टॅग आहे, टोलनाक्यावर वेळ पडते. ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, २०१८ पासून आहे. सरकारकडे ही गाडी कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेली हे सगळं आहेच, पण वेगवेगळ्या कपाटात. एकाच नंबरची गाडी मॅनिफेस्टप्रमाणे तळोज्याला चाललीय आणि फास्टॅग उलट्या दिशेच्या नाक्यावर वाजला, तर घंटा वाजायला पाहिजे की नको?

आता खरी जागा सांगतो. परत पाठवलेला माल. कारखाना माल भरून देतो, मी तो तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाटीच्या सेंटरला नेतो, तिथे गेटवर त्यांची लॅब नमुना घेते, फिंगरप्रिंट म्हणतात त्याला, आणि कळतं की कारखान्याने लिहून दिलं होतं त्यात आणि गाडीत जे आहे त्यात फरक आहे. मग ते घेत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. आता माझी गाडी भरलेली, ड्रायव्हर गेटवर बसून, कारखानावाला फोनवर म्हणतो परत आणू नको आमच्याकडे जागा नाही, तूच बघ काय ते. "तूच बघ" याचा अर्थ सगळ्यांना कळतो. चांगला माणूस भांडून परत नेतो आणि त्या कारखान्याचं काम गमावतो. वाईट माणूस रात्री घाटातल्या वळणाला व्हॉल्व्ह उघडतो. कागदाच्या मॅनिफेस्टमध्ये परतीच्या प्रवासाचं कुणी काही धड लिहीत नाही. तेव्हा तुमच्या ठरावात हे जाड अक्षरात घाला की माल नाकारला तर त्याच नंबरखाली परतीची नोंद उघडली पाहिजे, कारखान्याला तो परत घ्यावाच लागला पाहिजे आणि परत काट्यावर वजन झाल्याशिवाय ती खेप सिस्टीममध्ये बंद होता कामा नये. हे एक झालं तरी तुमच्या वहाळात येणारा अर्धा माल कमी होईल असं मला वाटतं.

आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर ओटीपी, ॲप, फोटो असलं काही ठेवणार असतील तर कशेडी घाटात, भोस्त्याच्या वळणाला रेंज जाते तिथे काय करायचं तेही विचारा. ऑफलाइन नोंद होऊन नंतर रेंजमध्ये आल्यावर चढली पाहिजे. नाहीतर चूक नसताना पोरगं दंड भरेल.

---

पाताळगंगा:

मी केमिकल इंजिनिअर, नोकरीतून निवृत्त. वरच्या दोघांशी बहुतेक सहमत आहे, पण "लोकांना लाइव्ह दिसावं" या मागणीबद्दल मला शंका आहे आणि ती मोकळेपणाने मांडतो, राग मानू नका.

भोपाळचा कचरा आठवा. १ जानेवारी २०२५ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या आवारातून ३३७ टन कचरा बारा सीलबंद कंटेनरमधून जाळण्यासाठी मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला निघाला, सुमारे २५० किलोमीटर, ग्रीन कॉरिडॉर करून, पोलिस बंदोबस्तात. इतकं काटेकोर ट्रॅकिंग आपल्याकडे क्वचितच झालं असेल. गाड्या वेळेवर सुखरूप पोचल्या. आणि तिथे काय झालं? दोन दिवसांत रस्त्यावर लोक, दगडफेक, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. कारण गाडी कुठे आहे ते सगळ्यांना कळत होतं, पण कंटेनरमध्ये नेमकं काय आहे, जाळल्यावर काय उरणार, राख कुठे जाणार, हे आधी विश्वासात घेऊन कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि जून २०२५ अखेर ते जाळून झालं. माझं म्हणणं, लाइव्ह टिंब दाखवलं की प्रत्येक गावात गाडी अडवली जाईल, आणि भरलेला टँकर रस्त्यात अडवून ठेवणं हे तो चालू असण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. माहिती द्या, पण खेप पोचल्यावर द्या, पूर्ण द्या.

दुसरी गोष्ट, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. तुम्ही मॅनिफेस्टचं कितीही छान ट्रॅकिंग केलं तरी जो माल मॅनिफेस्टवर चढतच नाही त्याचं काय? स्पेंट ॲसिड, मदर लिकर (उत्पादन काढून घेतल्यावर उरलेलं द्रावण), सॉल्व्हंटचा गाळ यांना "बाय-प्रॉडक्ट" म्हटलं की तो कचरा राहत नाही, विक्रीचा माल होतो, साध्या बिलावर निघतो. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळ सचिन जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी म्हणा) पहाटे टँकरमधून नाल्यात रसायन सोडत होते, विषारी वायू झाला, शेजारच्या मिलमधले सहा कामगार गेले, वीसहून जास्त दवाखान्यात. तपासात तो माल महाराष्ट्रातल्या कारखान्यातून निघाल्याचं पुढे आलं. गुजरातेत ऑनलाइन मॅनिफेस्ट त्याच्या कितीतरी आधीपासून आहे! पण बेकायदा निघालेली गाडी त्या सिस्टीममध्ये दिसणार कशी? तेव्हा मागणी अशी करा की प्रत्येक कारखान्याने किती उत्पादन केलं त्यावरून किती कचरा निघायला हवा याचा अंदाज मंडळाच्या संमतीपत्रात असतोच, तो आणि मॅनिफेस्टवर गेलेली बेरीज दर महिन्याला ताडून बघा. उत्पादन दुप्पट झालं आणि कचरा तेवढाच राहिला तर तिथे जाऊन विचारा. आणि बाय-प्रॉडक्ट म्हणून जे जातं तेही घेणाऱ्याच्या नावासकट याच सिस्टीममध्ये आणा.

---

ह्यूस्टनहून:

मी मूळची चिपळूणची, इथे अमेरिकेत टेक्सासमध्ये एका प्लांटला वेस्ट कंप्लायन्स, म्हणजे कचऱ्याच्या नियमांचं पालन बघते. ताई, तुमचं वाचून पोटात तुटलं, आमचं आजोळ खाडीपट्ट्यातच आहे.

इथलं सांगते, कॉपी करा म्हणून नाही, पण काय चाललं आणि काय नाही ते बघून तुम्हाला शब्द मिळतील. इथे ई-मॅनिफेस्टचा कायदा ऑक्टोबर २०१२ मध्ये झाला आणि सिस्टीम सुरू झाली ३० जून २०१८ ला, म्हणजे जवळजवळ सहा वर्षं नुसती तयारी. सुरू झाल्यावरही पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक, म्हणजे कारखाना, गाडी, घेणारा तिघांच्या सह्या स्क्रीनवर, असं प्रमाण कितीतरी वर्षं एक टक्क्याच्याही खाली राहिलं. लोक कागदावर सही करून घेतात आणि शेवटचा घेणारा तो स्कॅन करून चढवतो. कारण सरळ आहे, प्रत्येक ड्रायव्हरने, प्रत्येक छोट्या गॅरेजने आधी अकाउंट काढायचं, ओळख पटवायची, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. मग त्यांनी हायब्रिड काढलं, कारखान्याची सही कागदावर, पुढच्या सगळ्या स्क्रीनवर. फी पण अशी लावली की कागद सगळ्यात महाग आणि इलेक्ट्रॉनिक सगळ्यात स्वस्त. त्यामुळे तुम्ही "कागद उद्यापासून बंद" असं मागू नका, छोटे युनिट सिस्टीमबाहेर पळतील. मोठ्यांना आधी सक्ती, छोट्यांना मदत आणि मुदत, असं मागा.

आता चांगल्या गोष्टी. वजनात फरक पडला तर काय, हे इथे नियमात लिहिलेलं आहे. सुट्या मालात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा ड्रम मोजून दिलेत आणि एक जरी कमी भरला, तर तो "मोठा फरक" धरतात आणि दोघांनी मिळून तो सोडवला नाही तर घेणाऱ्याने ते सरकारला कळवावं लागतं. इटीपीवाला दादांनी म्हटलं तशी मशीनने जुळवणी हवीच, पण त्याला असा आकडा पण हवा, कारण गाळ वाटेत वाळतो किंवा पावसात भिजतो, थोडा फरक पडतोच, आणि आकडा नसेल तर प्रत्येक जण "एवढं चालतं हो" म्हणणार. तसंच ठरलेल्या दिवसांत सही होऊन प्रत परत आली नाही तर *कारखान्यालाच* सरकारला कळवावं लागतं की माझी खेप हरवली. जबाबदारी ड्रायव्हरवर ढकलता येत नाही. नाकारलेला माल पण मॅनिफेस्टवरच परत जातो किंवा दुसऱ्या सेंटरला जातो.

आणि लोकांना दिसण्याबद्दल: इथे माल पोचल्यावर ९० दिवसांनी मॅनिफेस्टचा डेटा कुणालाही इंटरनेटवर बघता येतो. कुणी पाठवला, काय होतं, किती होतं, कुणी घेतला. कुणाचं ट्रेड सीक्रेट बुडालं म्हणून कारखाने बंद पडलेले मी तरी बघितले नाहीत.

सूचना पाठवण्याबद्दल पण सांगते. १ एप्रिल २०२२ ला ईपीएने (इथल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने) ई-मॅनिफेस्टच्या नियमात बदल करायचा मसुदा काढला होता, अंतिम नियम जुलै २०२४ ला आला. मधे लोकांनी, कंपन्यांनी, राज्यांनी सूचना पाठवल्या आणि अंतिम नियमाबरोबर ईपीएला लिहून द्यावं लागलं की या मुद्द्यावर अशा सूचना आल्या, आम्ही हे मान्य केलं, ते या कारणासाठी केलं नाही. त्यामुळे इथे अनुभवी लोक एका सूचनेत एकच मुद्दा, त्याचं कारण, आणि नियमातला कुठला शब्द बदलायचा ते लिहितात. तुम्ही पण तसंच करा, दहा मागण्या एका परिच्छेदात कोंबल्या तर उत्तर देणारा सोप्या तीन उचलतो.

---

कलम_चार:

मी वकील, बहुतेक माहिती अधिकाराची कामं करतो. दोन-तीन गोष्टी भर घालतो.

पाताळगंगा काकांचा लाइव्हबद्दलचा मुद्दा समजू शकतो, पण "खेप पोचल्यावर पूर्ण माहिती द्या" हेसुद्धा आज मिळत नाही हे लक्षात घ्या. १४ ऑक्टोबर २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्याच्या खटल्यात आदेश दिला होता की कारखान्याने मुख्य गेटबाहेर बोर्ड लावावा, त्यावर कुठली धोकादायक रसायनं हाताळतो, सांडपाणी, हवा आणि घातक कचरा किती ते असावं, स्थानिक भाषेतही. ते बोर्ड तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. मी जिथे जातो तिथे गाडीतून उतरून बघतो, आणि पुष्कळ ठिकाणी आकड्यांच्या चौकटी कोऱ्या असतात नाहीतर खडूने लिहिलेलं पावसात पुसून गेलेलं असतं, तारीख तीन-चार वर्षांपूर्वीची. म्हणजे लोकांना कळलं पाहिजे हे तत्त्व देशात वीसहून जास्त वर्षं मान्य आहे. तुमची मागणी नवीन नाही, त्याच बोर्डाचा आजचा अवतार आहे, असं ठरावात स्पष्ट म्हणा. अधिकाऱ्याला "धोरणात्मक बाब आहे" म्हणून टोलवता येणार नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारी कार्यालयाने माहिती स्वतःहून, शक्यतो संगणकावर, प्रसिद्ध करायची आहे. कंपन्या व्यापारी गुपिताचं कलम ८(१)(ड) दाखवतील, पण त्याच कलमात व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असंही आहे, आणि नाल्यात काय सोडलं गेलं यापेक्षा जास्त जनहिताचं काय असणार. २९ नोव्हेंबर २०१४ ला उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरने रसायन सोडलं तेव्हा शेकडो लोक उलट्या, घुसमट घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांना उपचार करायला आत काय होतं ते त्या क्षणी हवं असतं, ९० दिवसांनी नाही.

म्हणून मी दोन पातळ्या सुचवतो. सगळ्यांसाठी खेप पोचल्यावर, आणि पोलिस, अग्निशमन, आरोग्य केंद्र आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतून गाडी जाते त्यांच्यासाठी त्याच वेळी. गाडीचा नंबर टाकला की आतला माल आणि इमर्जन्सी नंबर दिसला पाहिजे. याला कुणी विरोध करू शकणार नाही असं वाटतं.

आंतरराज्य वाहतुकीचा एक बारकावा. दुसऱ्या राज्यात विल्हेवाटीसाठी न्यायचं तर दोन्ही मंडळांची ना हरकत लागते. पण पुनर्वापरासाठी, सिमेंट भट्टीत जाळण्यासाठी वगैरे न्यायचं तर फक्त दोन्ही मंडळांना आधी कळवलं की पुरतं. हेतू चांगला होता, पुनर्वापर वाढावा. पण सैल दोरी तीच आहे, तेव्हा ट्रॅकिंगची पहिली सक्ती तिथे करा म्हणा.

कुठे पाठवायचं: केंद्राने नियमबदलाचा मसुदा राजपत्रात काढला की साधारण ६० दिवस हरकती-सूचनांना मिळतात, मसुद्यातच ईमेल आणि पत्ता असतो. मसुदा नसतानाही निवेदन पाठवता येतं, ते पोचपावतीसह पाठवा आणि दोन महिन्यांनी त्यावर काय कार्यवाही झाली ते माहिती अधिकारात विचारा, फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा. त्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ग्रामसभेचा ठराव इतिवृत्तात नीट नोंदवून घ्या, सहीचा कागद नुसता नको.

---

खाडीकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री आम्ही सहा-सात जण बसलो आणि ठराव पुन्हा लिहिला. जीपीएसचं वाक्य आता शेवटी गेलंय. पहिली मागणी दोन्ही काट्यांची पावती थेट सिस्टीममध्ये आणि एकच एकक, दुसरी नाकारलेल्या मालाची परतीची नोंद, तिसरी खेप ठरल्या दिवसांत बंद झाली नाही तर कारखान्याने स्वतः कळवायचं. बाय-प्रॉडक्टचा मुद्दा वेगळ्या पत्रात घेतलाय कारण ह्यूस्टनच्या ताई म्हणाल्या तसं एकात एक घातलं की हरवतं. फास्टॅग आणि ई-वे बिल जोडण्याचं पण वेगळं.

पाताळगंगा काका, तुमचा मान राखून एक सांगते. गाड्या अडवण्याची भीती खरी आहे, आमच्याकडेही तरणी पोरं तापलेली आहेत. पण लोक गाडी अडवतात ते काहीच कळत नाही म्हणून. ज्या गावाला माहीत असेल की ही गाडी गाळ घेऊन तळोज्याला चाललीय आणि पोचली की आपल्याला मेसेज येणार आहे, ते गाव झोपेल शांत. आम्हाला गाड्या बंद करायच्या नाहीत, आमच्याच घरातली मुलं त्या एमआयडीसीत कामाला जातात. माल पोचल्याचं कळावं एवढंच म्हणणं आहे. म्हणून वकील दादांची दोन पातळ्यांची कल्पना आम्ही घेतली, ग्रामपंचायतीला त्याच वेळी आणि सगळ्यांना नंतर, पण ९० दिवस नाही, आम्ही ३० लिहिलेत. तीन महिन्यांत आमचा मासेमारीचा अख्खा हंगाम पालटतो.

एकच प्रश्न राहिला. हे सगळं होईपर्यंत वेळ जाणार. आमची पोरं रात्री वहाळावर लक्ष ठेवतात, टँकर दिसला तर त्यांनी करायचं काय? जवळ जाऊन फोटो काढावा का?

---

बारा_टायर:

ताई, जवळ अजिबात जाऊ देऊ नका, हे आधी पोरांना सांगा मग ठराव. सचिन जीआयडीसीत दगावलेले कामगार टँकरवर नव्हते, शेजारच्या मिलमध्ये आपल्या कामावर होते. दोन प्रकारचा माल पाण्यात एकत्र झाला की काय वायू निघेल ते आम्हालाही सांगता येत नाही, आणि काही वायू असे की आधी वास येतो आणि मग नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं वास गेला. खोलगट जागेत, मोरीखाली, वहाळाच्या पात्रात उतरायचं नाही. वाऱ्याची दिशा बघायची आणि वारा आपल्या पाठीवरून गाडीकडे जाईल अशा बाजूला, लांब, उंचावर थांबायचं. मोबाइलचा झूम पुरतो. कुणी बेशुद्ध पडलेला दिसला तरी ओढायला आत शिरायचं नाही, ११२ ला फोन करून "केमिकल टँकर, वायू" हे शब्द वापरा म्हणजे अग्निशमनवाले मास्क घेऊन येतात.

नंबरप्लेट झाकलेली असेल तर टाकीच्या बाजूला आणि मागे एक चौकोनी पट्टी असते, मालाचं नाव, यूएन लिहून चार आकडी नंबर, आणि इमर्जन्सी फोन. तो चार आकडी नंबर दिसला तर आत काय आहे ते डॉक्टरांना लगेच कळतं. पट्टीच नसेल किंवा रंगवून टाकलेली असेल तर तेही लिहून ठेवा, ती पट्टी नसणं हाच गुन्हा आहे. टाकीचा रंग, केबिनवर लिहिलेलं नाव-देवाचं चित्र, मागच्या फाळक्यावरचं वाक्य, टायर किती, हे टिपा, आमच्या धंद्यात गाडी त्यावरूनच ओळखतात. वेळ नक्की लिहा. त्या वेळेवरून टोलनाक्याचा कॅमेरा आणि फास्टॅग काढता येतो, मात्र लगेच दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या, फुटेज फार दिवस ठेवत नाहीत.

आणि पाण्याचा नमुना घेणारी माणसं यायची वाट बघत बसू नका. स्वच्छ काचेची बाटली गावात ठेवा, पण भरायला पात्रात उतरायचं नाही, वास पूर्ण गेल्यावर लांबच्या खालच्या अंगाला पुलावरून बादली सोडून घ्या, हातमोजे घालून, सरपंच आणि पोलीस पाटलांसमोर, वेळ-तारीख चिकटवून. कायदेशीर नमुना म्हणून तो चालेल का ते वकील साहेब सांगतील.

---

कलम_चार:

खटल्यात पुरावा म्हणून तो एकटा टिकणार नाही, कायद्यात नमुना घ्यायची पद्धत आणि अधिकारी ठरलेले आहेत. पण तक्रारीबरोबर जोडायला आणि "त्या वेळी पाणी असं होतं" हे दाखवायला उपयोग होतो, म्हणून घ्याच. दोन बाटल्या भरा, एक मान्यताप्राप्त खासगी लॅबला द्या, एक सील करून ग्रामपंचायतीत ठेवा. पंचनाम्यात "ग्रामस्थांनी अमुक वाजता घेतलेला नमुना ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे" हे वाक्य घालायला लावा, ते घातल्याशिवाय सही करू नका.

ठरावाचा मसुदा मला पाठवा ताई, कलमांचे आकडे तपासून देतो.